शेणखताची गोणी कुणी हलवली?

आमच्या घरात संशय घ्यायचं काम माझ्याकडे आहे आणि बागेचं काम आमच्या यांच्याकडे. ही वाटणी लग्नानंतर कधीतरी आपोआप झाली. हे फौजेत होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या मते माणसाने शब्द दिला की विषय संपला. माझ्या मते विषय तिथून सुरू होतो. दूधवाला 'आज निव्वळ म्हशीचं हाय' म्हणाला की मी आधी बोट बुडवून बघते. भाजीवालीने तराजू उचलला की मी वाकून पारड्याच्या खाली बघते. माझं माहेर कुंडलचं. तिथे माझी आई म्हणायची, "हिला सर्गात न्हेलं तरी ही आदी दाराला बाहीरनं कडी हाय का ते बगंल." लोक हसायचे. पण आजवर माझा संशय फारसा चुकलेला नाही, आणि चुकला तेव्हाही तिथे काहीतरी होतंच.

साताऱ्यात आम्ही राहतो त्या वसाहतीत निवृत्त फौजी बरेच. त्यामुळे घरं साधी आणि फाटकं रंगवलेली. आमच्या घरामागे बाग आहे. बाग म्हणजे फार काही नाही. एक लिंबू, एक शेवगा, कढीपत्ता, दोन-तीन जास्वंदी, थंडीत शेवंती, उन्हाळ्यात दुधी-दोडक्याचा मांडव, आणि मागच्या भिंतीला लागून मोगऱ्याची चार झाडं. पण या एवढ्याशा जागेत यांनी पलटण उभी केली आहे. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, तोही सगळ्यांना एकाच उंचीवर. पाण्याची आळी ताटासारखी गोल. एखादी फांदी रांगेबाहेर गेली की तिचं काही खरं नाही.

संक्रांत झाली की यांची कामं सुरू होतात. शेवंतीची वाळलेली खोडं काढायची, जास्वंदी छाटायच्या, शेवग्याची पानगळ गोळा करून खड्ड्यात टाकायची, दुधी-दोडक्याच्या बिया भिजत घालायच्या. या सगळ्यात यांचं लाडकं काम म्हणजे मोगऱ्याला ताण देणं. आधी मोगऱ्याचं पाणी तोडायचं. मग झाड छाटून, उरलेली पानं ओरबाडून त्याला बोडकं करायचं. मग बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्या उघड्या टाकायच्या आणि उन्हात तशाच ठेवायच्या. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत गेली की खड्ड्यात शेणखत भरायचं, माती ओढायची आणि मग पोटभर पाणी. हे सगळं नीट झालं तर चैत्रात झाड पांढरं होतं.

मला हे काम बघवत नाही. तहानेने सुकलेलं झाड समोर आणि आपण नळ बंद करून उभे, हा काय प्रकार? एका साली मला दया आली आणि मी गुपचूप तांब्या तांब्या पाणी घातलं. त्या साली मोगऱ्याला पानं आली, हिरवीगार, नुसती पानं. "लाड केलं की असं हुतंय," हे म्हणाले. तेव्हापासून माघ लागला की घरात एका बाबतीत संशय घ्यायचं काम यांच्याकडे जातं. माझ्या हातात तांब्या दिसला की हे पेपर खाली करून तो तांब्या कुठे जातो ते बघतात.

मोगरा फुलला की संध्याकाळी हे कळ्या तोडतात, ओल्या रुमालात गुंडाळून आणतात. मी गजरा करते. मी तो डोक्यात माळते तेव्हा हे बघत नाहीत, टीव्ही बघतात. ज्या दिवशी माझे हात कामात असतात त्या दिवशी हे स्वतःच दोऱ्यात कळ्या अडकवतात, फौजी गाठी मारून, आणि तो वेडावाकडा गजरा नेऊन आरशाखाली ठेवतात. हातात देत नाहीत. एवढी वर्षं झाली, एकदाही हातात दिलेला नाही.

गेल्या दिवाळीनंतर हे शेजाऱ्यांबरोबर शेणखत आणायला गेले. शेजारी म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माणूस बोलका, हसरा, आणि त्यांच्या घरामागे सगळीकडे फरशी. एक तुळस आहे, तीही वाकलेली. झाडातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण स्कूटर त्यांची, म्हणून हे त्यांना घेऊन गावाबाहेरच्या गोठ्यावर गेले. परत आल्यावर स्कूटरवरची गोणी दोघांनी मिळून फाटकातून आत आणली आणि मागच्या भिंतीला टेकवली. गोणी टेकवली आणि हे तिथेच खाली बसले. मला वाटलं, दम लागला. तोंडावरचा घाम बघितला तेव्हा कळलं की हा दम नाही.

कंडक्टरांनीच रिक्षा आणली, त्यांनीच यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हृदयात स्प्रिंग बसवली. घरी सोडताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता वजन उचलायचं नाही. खणणं, वाकून जोर लावणं, सगळं बंद." मी मान डोलावली. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे कुदळ, खोरं, खुरपं, छाटणीची कात्री असं सगळं उचलून जिन्याखालच्या खोलीत टाकलं आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. दुसरं काम म्हणजे मी कंडक्टरांना सांगितलं, "तुमी आता आमच्या फाटकात पाऊल टाकू नका. तुमच्या स्कूटरपायी ह्यांचा जीव जात हुता." ते मान खाली घालून स्कूटर ढकलत घरी गेले. दवाखान्यात त्यांनी नेलं हे मला दिसत होतं, पण ते मी हिशेबात धरलं नाही. मला कुणालातरी धरायचंच होतं.

ती गोणी मात्र तिथेच राहिली. मी तिला हात लावला नाही आणि कुणाला लावू दिला नाही. भांडी घासताना मागच्या दारातून ती दिसायची. प्रत्येक वेळी मी दार लोटून घ्यायचे.

संक्रांत झाली. मला वाटलं होतं, आता घरात लढाई होणार. यांचे हात वळवळणार, किल्ली मागणार, चिडणार. काहीच झालं नाही. हे सकाळी गुमान चालून यायचे, गोळ्या घ्यायचे, बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी घेऊन बसायचे. कारल्याचा रससुद्धा नाक न मुरडता प्यायला लागले. ज्या माणसाने आयुष्यात कधी भाजीत मीठ कमी चालवून घेतलं नाही तो माणूस कारल्याचा रस पिऊन "बरा हाय" म्हणतो, तेव्हा समजावं की कुठेतरी पाणी मुरतंय.

त्यात हे मला बाहेर पाठवायला लागले. "आज भजनाला जायची न्हाईस व्हय?" "तुजी भिशी कवा हाय?" "जाऊन ये की, मी हाय घरात." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला बाहेर जायचा कुणी आग्रह केल्याचं आठवत नाही. उलट मी निघाले की, माझा चष्मा कुठं हाय, गोळी कंची घ्यायची, असे प्रश्न दारापर्यंत यायचे.

एका दुपारी भजनाहून आले आणि मागे जाऊन बघते तो पहिल्या मोगऱ्याच्या मुळ्या उघड्या. माती बाजूला ओढलेली. मी खोलीकडे धावले. कुलूप जागेवर. कमरेची किल्ली कमरेला. आत कुदळ कोरडी.

"हे कुणी केलं?"

"काय?" हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"मोगऱ्याची माती कुणी उकरली?"

"घूस आली आसंल."

"घूस मुळ्या मोकळ्या करून माती गोल रचून जाती व्हय?"

"साताऱ्याची घूस हाय. शिस्तीची आसंल."

मी यांचे हात बघितले. नखं स्वच्छ. वास घेतला, साबणाचा होता. ज्याला जेवणाआधी हात धुवायला तीनदा सांगावं लागतं तो माणूस भरदुपारी साबणाने हात धुतो? माझी खात्री पटली. यांनी कुठेतरी दुसरं खुरपं लपवलं आहे. मी घर पालथं घातलं. गादीखाली बघितलं, पाण्याच्या टाकीमागे बघितलं, फौजेतली काळी ट्रंक उपसली. ट्रंकेत जुने स्वेटर आणि डांबराच्या गोळ्या. हे खुर्चीत बसून माझी झडती बघत होते. "कॅन्टीनचा रम सापडला तर मला बी सांग," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडाच्या मुळ्या उघड्या झाल्या. मग जास्वंदीची छाटणी झाली आणि ती बघून मी घाबरले. यांची छाटणी मला ओळखू येते. डोळ्याच्या, म्हणजे नवा कोंब फुटतो त्या जागेच्या जरा वर, तिरका काप, एका झटक्यात. इथे फांद्या चावल्यासारख्या तुटलेल्या. साल सोललेली. एक बाजू पार बोडकी आणि दुसरीकडे हातच लागलेला नाही. माझ्या डोक्यात एकच आलं, यांच्या हातातली ताकद गेली. कात्री धरवत नाही आणि तरी हा माणूस ऐकत नाही. त्या दिवशी मी भांडले नाही. जेवताना यांचा घास तोंडाकडे जाताना हात थरथरतो का ते बघत बसले. हे म्हणाले, "काय बगतीस? पयल्यांदा बगितल्यागत." मी म्हटलं, "काय न्हाई, जेवा."

स्वयंपाकघरातही काहीतरी चाललं होतं. चहाची पावडर लवकर संपत होती. मी बाहेरून आले की ओट्यावर दोन कप पालथे घातलेले असायचे. हे कधी कप धूत नाहीत. चुकून धुतलाच तर एक धुतील. दोन कशाला? विचारलं तर म्हणाले, "दोनदा पिलो." मग साखरेच्या डब्यात चमचा ओला का? त्यावर यांना खोकला आला.

आणि मग ती गोणी हलली.

सकाळी झाडायला गेले तर गोणी तिच्या जागेवर नव्हती. भिंतीपासून सरकून चौथ्या मोगऱ्याजवळ आली होती. जिथे ती इतके दिवस टेकली होती तिथे जमिनीवर ओलसर काळा डाग, त्यात दोन गांडुळं. मी झाडू टाकला आणि तिथेच उभी राहिले. माती उकरणं वेगळं आणि भरलेली गोणी ओढणं वेगळं. याच गोणीने यांना खाली बसवलं होतं.

"तुमी गोणी वडली?" मी विचारलं.

"मी हात न्हाई लावला."

"मंग गोणीला पाय फुटलं?"

"मी हात लावला न्हाई. बास." हे फौजी आवाजात म्हणाले.

घूस, चहा असल्या थापा वेगळ्या, पण या आवाजात हा माणूस खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं. आणि गोणी हलली होती हे मला दिसत होतं. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या कशा असणार? मी विचार केला, आता डोळ्यांनी बघितल्याशिवाय निकाल लागणार नाही. आणि बघायचं तर यांना गाफील पकडायला हवं. डॉक्टरांचे शब्द कानात होते. एखाद्या दुपारी मी भजनातून येईन आणि हे मोगऱ्याशेजारी पालथे पडलेले असतील, हे चित्र मला रोज टाळ वाजवताना दिसत होतं. टाळ चुकत होते.

जेवताना मी जाहीर केलं, "उद्या आष्ट्याला जाऊन येते. बहिणीचं गुडघं दुखत्यात."

"जा की," हे लगेच म्हणाले. "मुक्काम केलास तरी चालंल. घाई कशाला?"

बघा.

सकाळी मी पिशवी भरली, चांगलं लुगडं नेसले, रिक्षात बसले आणि कोपऱ्यावर उतरले. तिथे पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्याला म्हटलं, "दळण विसरलं, घरनं येतंय, तवर बसते." तो म्हणाला, "बसा की काकू." मी पोत्यांच्या मागे बसले. ऊन चढेपर्यंत बसले. ज्वारी दळली गेली, गहू दळले गेले, हरभऱ्याची डाळ दळली गेली. माझं दळण काही आलं नाही. गिरणीवाला माझ्याकडे अधूनमधून बघत होता. त्यालाही संशय आला असावा.

मग मी उठले आणि मागच्या बोळाने निघाले. आमच्या मागच्या भिंतीला एका ठिकाणी सिमेंटची जाळी आहे, मोगऱ्याच्या बरोबर मागे. मी चपला हातात घेतल्या आणि जाळीला डोळा लावला.

हे खुर्चीवर बसलेले होते. काठी हातात. आणि चौथ्या मोगऱ्यापाशी उकिडवे बसून कंडक्टर माती उकरत होते. त्यांच्या हातात त्यांचं स्वतःचं नवंकोरं खुरपं होतं. बाजूला त्यांच्या स्वयंपाकघरातली कात्री पडली होती. दोन कप खुर्चीखाली.

आधी जीव भांड्यात पडला. हे काही उचलत नव्हते, वाकत नव्हते. मग कंडक्टरांना बघून डोकं तापलं. ज्या माणसाला मी फाटक बंद केलं तो माझ्या पाठीमागे, माझ्या साखरेचा चहा पिऊन, माझ्या मागच्या अंगणात! मी आत जायला वळणारच होते.

"त्या मुळीवर घाव घालू नका. ती मुळी हाय, तारंचा तुकडा न्हाई," हे म्हणत होते.

"सुभेदार, मला समदं सारखंच दिसतंय."

"म्हणून तर रोज या म्हणतो. आता नीट ऐका. शिवरात झाली की गोणी सोडायची. आदी खत, मंग माती, मंग पाणी. तवर एक थेंब न्हाई. ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल की. आणि तुमी हायसा सांगायला."

हे काठीने जमिनीवर रेघ मारत होते.

"माजं आता स्प्रिंगवरचं यंत्र हाय. कवा थांबंल नेम न्हाई. हिला ह्यातलं जमायचं न्हाई. ही पाणी घालणार. हिला सुकलेलं बगवत न्हाई, नुसता पाला माजंल. मी नसलो तर तुमी बगायचं."

"आवं, वैनी मला फाटकात उभं करत न्हाईत."

"मंग भिंतीवरनं बगा. पर मोगरा चुकला न्हाई पायजे."

कंडक्टरांनी खुरपं खाली ठेवलं. "एक बोलू का सुभेदार? राग धरू नका. तुमी नसल्यावर मोगरा फुलला तरी... वैनी घालत्याल व्हय गजरा?"

मी जाळीला घट्ट धरलं. वडील गेले तेव्हाची आई मला आठवली. कुंडलच्या बाजारात फुलवाली तिला रोज हाक मारायची, "आक्का, गजरा न्या." वडील गेले आणि त्या फुलवालीने हाक मारणं बंद केलं. तिची काही चूक नव्हती, रीतच तशी. आई बाजारात त्या कोपऱ्यावर आली की चाल जरा जलद करायची. तेवढंच मला दिसायचं. आईला काय वाटतं ते मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही.

"घालंल," हे म्हणाले. "का न घालावा? जिती हाय तवर घालावा. तुमी आत जाऊन आरशाखाली ठेवा. हातात देऊ नका. हातात दिला तर ती धा प्रश्न इचारंल, कुणी दिला, कशापायी दिला. आरशाखाली ठेवायचा आणि म्हणायचं, सुभेदारांची ऑर्डर हाय."

"वैनी मला झाडूनं मारत्याल."

"मारू द्या. गजरा ठिवून मंग पळा."

दोघं हसले. मी भिंतीला पाठ लावून बोळातच खाली बसले. चांगलं लुगडं, धूळ, काही सुचलं नाही. मला भयंकर राग आला होता. माझा नवरा माझ्या पाठीमागे स्वतःच्या मरणानंतरची व्यवस्था लावत होता, तीही ज्याला झाडातलं काही कळत नाही अशा माणसाबरोबर. आणि व्यवस्था कसली, तर माझ्या डोक्यातल्या फुलांची. मी तोंडात पदर कोंबून रडले. एवढे दिवस मी नखं तपासली, ट्रंक उपसली, कप मोजले. शोधत होते खुरपं आणि सापडलं हे.

मग मी डोळे पुसले, चपला घातल्या आणि पुढून फाटकाने, कडी मुद्दाम खडखडवत आत गेले.

मागच्या अंगणात दोघेही शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिले होते. कंडक्टरांनी खुरपं पाठीमागे लपवलं होतं. हे माझ्या डोक्याकडे बघत होते.

"वैनी... आष्ट्याला गेला नव्हता व्हय?"

"आष्टा हिकडंच आला."

"डोकं पांढरं कशानं झालं?" यांनी विचारलं.

मी हात फिरवला. केसांत, भुवयांवर, सगळीकडे पीठ. डोळ्यांखाली ओघळ आले असतील ते वेगळेच. "गिरणीत गेलते," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

मी कंडक्टरांकडे वळले. ते एक पाऊल मागे सरकले, झाडूच्या अंतराचा अंदाज घेत. "उद्यापासनं फाटकातनं या," मी म्हटलं. "आणि साखर घ्यायची तर कोरड्या चमच्यानं घ्यावी." मग मी कमरेची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. "जिन्याखाली चांगली कात्री हाय. सैपाकाच्या कात्रीनं जास्वंदीचं वाटोळं केलंसा."

आत जाऊन मी तीन कप चहा टाकला. दोघांचा साखरेचा, यांचा बिनसाखरेचा.

संध्याकाळी हे म्हणाले, "गोणी त्यांनी सरकवली. मी हात लावला न्हाई म्हणून सांगत हुतो, तुजा इस्वास कुटं बसतोय."

"बसला आता."

"तू कवा आलीस?"

"फाटक वाजलं तवाच की. तुमी बगितलं न्हवं."

हे माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी काय काय ऐकलं असेल याचा अंदाज घेत होते. मी गवारीच्या शेंगा मोडत होते. मी काही दाखवलं नाही. मग हे जरा खाकरून म्हणाले, "तू बी बस की उद्यापासनं शिकायला. लय अवघड न्हाई. कंडक्टरांस्नी जमतंय म्हणजे तुला जमलंच."

"माजं गुडघं दुखत्यात."

"आष्ट्याला दुखत हुतं न्हवं?"

"दोघींचं दुखत्यात."

माझे गुडघे ठणठणीत आहेत. मला शिकायचं नव्हतं. मला हे काम आलं, कंडक्टरांना आलं, म्हणजे यांचं इथलं काम संपलं. एकदा सगळं नीट सोपवून झालं की फौजी माणूस निघायला मोकळा होतो, हे मी आयुष्यभर बघितलं आहे. सुट्टी संपत आली की हे घरातली एकेक गोष्ट दुरुस्त करायचे. नळाचा वॉशर, खिडकीची कडी, पत्र्यावरचं भोक. शेवटचं काम झालं की दुसऱ्या दिवशी बिस्तरा बांधलेला असायचा. मला त्या सगळ्या दुरुस्त्यांचा तेव्हापासून राग आहे.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी चौथ्या मोगऱ्याला पाणी घालायला सुरुवात केली. पहिल्या तिघांना नाही. फक्त भिंतीच्या जाळीजवळच्या त्या चौथ्याला. हे आंघोळीला गेले की तांब्याभर. वरून कोरडी माती भुरभुरायची, म्हणजे दिसायला नको. यांना संशय आलाच. रोज सकाळी हे खुर्चीतून काठीचं टोक त्या खड्ड्यात घालून बघायचे.

"कंडक्टर, तुमी ह्याला पाणी घातलं?"

"आईशप्पत न्हाई सुभेदार."

मग हे माझ्याकडे बघायचे.

"मी न्हाई," मी म्हणायचे. "घूस आसंल. साताऱ्याची."

शिवरात्र झाली. थंडी गेली. कंडक्टरांनी गोणीचं तोंड सोडलं आणि यांनी खुर्चीतून हुकूम दिले. आधी खत, मग माती, मग पाणी. गोणी रिकामी झाली तेव्हा मी ती झटकली, घडी घातली आणि पायपुसणं म्हणून मागच्या दारात टाकली. त्या दिवसापासून भांडी घासताना मी मागचं दार लोटत नाही.

चैत्रात पहिली तिन्ही झाडं पांढरी झाली. कंडक्टरांनी सगळ्या वसाहतीला बोलावून ती दाखवली, जणू त्यांनीच मोगरा शोधून काढला. चौथं झाड मात्र हिरवंगार, टवटवीत, आणि त्यावर एकही कळी नाही. संध्याकाळी हे ओल्या रुमालात कळ्या घेऊन आले, मला दिल्या आणि पुन्हा मागे जाऊन त्या चौथ्या झाडासमोर उभे राहिले. मी पायरीवर गजरा करत बसले होते. यांनी त्याची पानं उलटून बघितली, बुंधा बघितला, मान हलवली.

"ह्याचं कायतरी चुकतंय," हे म्हणाले. "कंडक्टरांवर सोडून भागायचं न्हाई. फुडल्या सालाला ह्याच्याकडं मी सोता बगणार हाय."

"बगा की," मी म्हटलं आणि गजऱ्याला शेवटची गाठ मारली.